भौतिकशास्त्रातले २७ गुण आणि गाईच्या गळ्याची शीर

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात कळमेश्वर तालुक्यातल्या एका गोठ्यात मी गाय तपासायला गेले होते. काम आटोपून हात धूत होते, तेवढ्यात घरच्या काकूंनी मुलाची गुणपत्रिका माझ्यापुढे धरली. "मॅडम, पोराले एकोणपन्नास टक्के पडले जी. याले ढोराच्या डॉक्टरकीले घालता येते का?" मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. मला पुढच्या गावी जायचे होते, म्हणून "येते, पण सोपे नाही," एवढेच म्हणून मी गाडीला किक मारली. रस्ताभर ते उत्तर मला टोचत राहिले, कारण त्या मुलाच्या जागी मी स्वतः उभी राहिलेली आहे आणि तेव्हा मला कोणीतरी नीट बसून सगळे सांगावे असे फार वाटले होते. ते सविस्तर उत्तर आज लिहिते आहे.

२०१५ साली मला दहावीला ५१.६० टक्के गुण मिळाले. आमच्या घरी चार नागपुरी म्हशी होत्या. तलवारीसारखी लांब शिंगे मानेवरून मागे खांद्यापर्यंत गेलेल्या. पहाटे दूध काढणे, शेण उचलणे, कुटार आणि ढेप घालणे आणि सायकलवर कॅन बांधून दुधाची घरे करणे, एवढे उरकून मी शाळेत जात असे आणि दुसऱ्या तासाला माझे डोळे मिटत असत. मात्र कमी गुणांचा सारा दोष मी म्हशींवर टाकणार नाही. मला अभ्यास कसा करायचा हेच माहीत नव्हते. धडा चार वेळा मोठ्याने वाचला म्हणजे तो पाठ झाला, अशी माझी समजूत होती, आणि कळले नाही तर विचारायचे धाडस माझ्यात नव्हते. निकालानंतर एका शिक्षकांनी माझ्यासमोरच बाबांना सांगितले की, विज्ञान हिच्या आवाक्यातले नाही, हिला कला शाखेत घाला. ते वाईट हेतूने बोलले असे मला आजही वाटत नाही. त्यांच्याकडे माझी एकच मोजपट्टी होती आणि तिच्यावर मी तोकडी भरत होते.

त्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट त्याआधी दोन वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका रात्री घडली होती. आमची एक म्हैस अडली होती. पारडाचे तोंड आणि एक पाय बाहेर दिसत होता, दुसरा पाय आत गुडघ्यात दुमडलेला होता. गावातली दोन माणसे बाहेर आलेला पाय ओढून ओढून थकली होती. तालुक्याहून सरकारी डॉक्टर भिजत आले, त्यांनी शर्ट काढला, साबणाने खांद्यापर्यंत हात धुतला आणि पहिल्यांदा सगळ्यांना ओढणे थांबवायला लावले. मी टॉर्च धरून उभी होते. "आधी पिल्लू आत ढकलायचे, म्हणजे जागा होते, मग पाय सरळ करायचा," असे ते मला सांगत होते, की स्वतःशीच बोलत होते, कोण जाणे. दुमडलेल्या पायाचे खूर त्यांनी आपल्या तळव्यात झाकून घेतले, जेणेकरून ते फिरवताना गर्भाशयाला इजा होऊ नये, आणि मग हळूहळू पाय बाहेर आणला. म्हैस कळ देईल तेव्हाच ओढायचे, कळ थांबली की थांबायचे. पारडू जिवंत निघाले. नाकातला चिकटा पुसून त्यांनी गवताची काडी नाकात फिरवली, तेव्हा ते शिंकले.

वार (पिल्लामागून पडणारे आवरण) पडेपर्यंत डॉक्टर थांबले होते. चहा पिता पिता त्यांनी मला विचारले, "आत हात घातल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही, मग पुढचा पाय की मागचा, हे कसे ओळखायचे?" मी गोठ्यात गेले, उभ्या म्हशीचे पाय चाचपून पाहिले आणि परत येऊन सांगितले की, पुढच्या पायाचे खुराच्या वरचे दोन सांधे एकाच बाजूला वळतात, मागच्या पायाचे विरुद्ध बाजूंना वळतात. ते म्हणाले, "बरोबर. आमच्या अभ्यासक्रमात हेच शिकवतात." शाळेत एकही उत्तर पहिल्या फटक्यात न येणाऱ्या मुलीला ते वाक्य किती काळ पुरले असेल, याची त्यांना कल्पना नसावी.

घरी भांडून मी अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला आणि २०१७ च्या बारावीच्या परीक्षेत भौतिकशास्त्रात २७ गुण मिळवून नापास झाले. जुलैच्या पुरवणी परीक्षेत ३८ गुणांवर सुटले, तेव्हा घरी पेढे वाटले गेले. खरी अडचण त्यानंतर कळली. पशुवैद्यकीय पदवीच्या प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या चारही विषयांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण असावे लागते आणि खुल्या प्रवर्गासाठी चारांचे मिळून किमान ५० टक्के गुण लागतात. माझे ४०० पैकी १८४ होते, म्हणजे ४६ टक्के. प्रवेश परीक्षेत कितीही गुण मिळाले असते, तरी माझा अर्ज तिथेच बाद झाला असता. हा नियम मला निकालानंतर समजला, म्हणून ज्यांची मुले आज अकरावीत जात आहेत त्यांना मी तो आधीच सांगते. इंग्रजीचा विषय या बेरजेत धरला जातो, हे तर अनेकांच्या गावीही नसते.

राज्य मंडळाच्या परीक्षेत मी २०१८ मध्ये सगळे विषय पुन्हा दिले. या वेळी चार विषयांत मिळून २२१ गुण मिळाले. ‘नीट’ या प्रवेश परीक्षेचा पहिला प्रयत्न त्याच वर्षी फसला आणि दुसऱ्या प्रयत्नात, २०१९ मध्ये, माझे नाव गुणवत्ता यादीच्या शेपटाकडे का होईना, पण लागले. शिकवणीचे पैसे नव्हते. नागपुरातल्या बर्डीवरच्या एका अभ्यासिकेत मी खुर्ची लावली होती. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, तिथल्या कूलरमध्ये दुपारी पाणी संपायचे आणि ते भरायची पाळी आम्ही आपसांत वाटून घेतली होती.

नीटचे गणित मात्र माझ्यासारख्या मुलांनी शांतपणे समजून घ्यायला हवे. ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात, भौतिकशास्त्राचे १८० आणि रसायनशास्त्राचे १८०. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. मी पहिल्या वर्षी भौतिकशास्त्राच्या भीतीने सारा वेळ त्याच विषयात घालवला, येत नसलेल्या प्रश्नांना अंदाजाने खुणा केल्या आणि मिळालेले गुणही गमावले. दुसऱ्या वर्षी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तके आकृत्यांसह इतक्या वेळा हाताळली की त्यांच्या शिवणी सुटल्या. भौतिकशास्त्रातले मोजके धडे निवडून तेवढेच पक्के केले आणि उरलेले प्रश्न कोरे सोडले. हा मार्ग एम्सला जाणाऱ्याच्या कामाचा नाही, परंतु ज्याचा पाया कच्चा आहे त्याला दोन वर्षांत उभे राहायचे असेल, तर जे आपल्याला भिडते त्या विषयावर आधी भार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे पदविकेविषयी लिहिणे भाग आहे, कारण कमी गुण मिळालेल्या मुलांना तीच वाट सुचवली जाते आणि ती सुचवताना अर्धीच माहिती दिली जाते. माझी एक वर्गमैत्रीण दहावीनंतर पशुसंवर्धनाच्या पदविकेला गेली. आज ती गावोगाव लसीकरण करते, कृत्रिम रेतन करते, उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमधून रेतमात्रा काढून ती कोमट पाण्यात नेमकी किती वेळ धरायची, हे तिच्या हाताला घड्याळाशिवाय कळते. तिच्या कामाला मी कधीही खालचे मानलेले नाही. तरीही कायदा काय म्हणतो ते प्रवेशाआधी माहीत असावे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच व्यवसाय करता येतो. पदविकाधारकाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनानुसार लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी यांसारख्या प्राथमिक सेवा देता येतात. पदविका झाली की थेट पदवीच्या वरच्या वर्षाला जाता येईल, अशी आशा धरून बसलेले पालक मी पाहिले आहेत. पदवी घ्यायची असेल तर जीवशास्त्रासह बारावी विज्ञान आणि नीट यांतूनच जावे लागते. दोन्ही कामे मोलाची आहेत; कोणते आपल्याला हवे आहे, हे आधी ठरवलेले बरे. आणि परराज्यातल्या कुठल्याशा महाविद्यालयात पैसे भरून "सीट" मिळवून देतो, असे सांगणारा मध्यस्थ दारात आला, तर त्या महाविद्यालयाची पदवी या कायद्याच्या अनुसूचीत आहे का, एवढे तपासल्याशिवाय त्याला चहासुद्धा पाजू नये. मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय साडेपाच वर्षे वाया जातात.

मला प्रवेश मिळाला तो सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयात. १९५८ पासूनचे हे महाविद्यालय आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. प्रवेश मिळाला म्हणजे हुशार झालो असे नसते, हे पहिल्याच वर्षी समजले. शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्राच्या पेपरात मी अडकले आणि तो मला पुन्हा द्यावा लागला. वर्गातली बरीच मुले एमबीबीएस थोडक्यात हुकलेली होती; त्यांच्या वाचनाच्या वेगापुढे मी दोन पाने मागे असायची. पण शरीररचनाशास्त्राच्या तासाला चित्र पालटायचे. जनावराचे वय दातांवरून कसे ओळखावे, हे शिकवायला सरांनी सुरुवात केली, तेव्हा मला आठवला तो बाबांबरोबर पाहिलेला बैलबाजार आणि तिथले आदत (अजून दुधाचेच दात असलेला), दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला (सगळे कायम दात आलेला) हे शब्द. पुस्तकातला कायम दातांच्या चार जोड्यांचा तक्ता आणि बाजारातले हे शब्द एकच होते. त्या दिवशी मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आम्ही सारे घरी परतलो. इंटरनेट मधूनमधून यायचे. मग मी गोठ्यातच अभ्यास सुरू केला. म्हशीच्या बरगड्यांवरून बोटे फिरवत तेरा मोजायच्या, हृदयाची जागा कोपराच्या आत शोधायची, डाव्या कुशीत मूठ दाबून धरून कोठीपोटाची, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्याची, हालचाल मिनिटाला किती वेळा होते ते पाहायचे, आणि जे वाचले ते संध्याकाळी आईला मराठीत समजावून सांगायचे. गाई-म्हशींच्या पोटाचे चार कप्पे सांगितले तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे भरभर गिळून घ्यायचं, अन् मग धोका टळला का बसून निवांत चावायचं." रवंथाचा इतका नेमका सारांश मला कुठल्याही टिपणात सापडलेला नव्हता. आईला जे सांगता आले नाही, ते आपल्याला कळलेले नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळला, आणि त्यानंतर माझा एकही विषय राहिला नाही. शाळेत मी मंद नव्हते. कळलेले आणि पाठ झालेले यांतला फरक मला कोणी दाखवला नव्हता, एवढेच.

"मला प्राणी आवडतात" हे कारण घेऊन येणाऱ्या मुलांना मी थोडे सावध करते. आवड हवीच, पण ती चाकूखालीही टिकावी लागते. शवविच्छेदनाच्या टेबलावर तीन दिवसांचा वास असतो. अडकलेली वार हातमोज्यांशिवाय काढली, तर जनावरातला ब्रुसेलोसिस माणसाला होऊ शकतो आणि तो ताप महिनोन्‌महिने छळतो. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोग आला, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचत आम्ही गोठ्यांमागून गोठे फिरलो. जनावरांचे बाजार बंद होते. एका गोठ्यात अंगभर गाठी आलेला गवळाऊ जातीचा बैल पाय सुजून उभा होता, त्याला बसता येत नव्हते, आणि म्हातारे मालक पोळ्यासाठी आणलेले बेगड हातात घेऊन त्याच्याजवळ बसून होते. लस ही निरोगी जनावरासाठी असते, हे मला त्यांना सांगावे लागले. तो बैल वाचला नाही. असे दिवस पेलता येतील का, हा प्रश्न टक्केवारीपेक्षा आधी विचारावा, असे मला वाटते.

आता त्या मुलाविषयी. आमची पहिली भेट निकालाच्या दिवसांतली नव्हे. गेल्या हिवाळ्यात, नोंदणी होऊन मला काही महिनेच झाले होते, तेव्हा रात्री साडेदहाला त्याच्या वडिलांचा फोन आला होता. "मॅडम, जर्सी कालच व्याली, आता उठूनच नाही रायली जी." मी पोहोचले तेव्हा गाय मान वळवून तोंड कुशीत खुपसून बसली होती, कान थंड, नाकपुड्या कोरड्या, अंगाचे तापमान नेहमीपेक्षा कमी. तिसरे वेत, भरपूर दूध, व्याल्यानंतरचा दुसरा दिवस. दुग्धज्वर होता. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो; चिकात आणि दुधात एकदम इतके कॅल्शियम निघून जाते की रक्तातले कमी पडते आणि स्नायू काम करेनासे होतात.

कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली मी गरम पाण्यात ठेवून अंगाइतकी कोमट केली आणि गळ्याच्या शिरेत सुई घातली. गोठ्यात बाटली टांगायला काही नव्हते, म्हणून हा मुलगा ती धरून उभा राहिला. औषध लवकर जावे, गाय लवकर उठावी, या कळकळीने तो टाचा उंचावून बाटली जमेल तेवढी वर नेत होता. मी स्टेथोस्कोप लावून हृदय ऐकत होते आणि एकाएकी ठोक्यांची लय बिघडली, मध्येच एक ठोका गळला. कॅल्शियम फार वेगाने गेले तर हृदय थांबू शकते. "खाली घे, तुझ्या खांद्याखाली," मी म्हणाले आणि नळीची चकती फिरवून धार बारीक केली. ठोके पुन्हा जागेवर आले. त्या मुलाने हळूच विचारले, "खाली घेतल्यानं हळू का जाते?"

द्रवाचा दाब त्याच्या स्तंभाच्या उंचीवर अवलंबून असतो. हा भौतिकशास्त्राचा धडा, आणि याच विषयात मला बारावीला २७ गुण मिळाले होते. विहिरीवरच्या टाकीचे उदाहरण देऊन मी त्याला ते समजावले. त्याने मान डोलावली, बाटली दोन बोटे वर नेली, थेंब मोजले, पुन्हा खाली आणली आणि थेंब मोजले. त्याला कोणी तसे करायला सांगितले नव्हते, आणि दोन बोटांनी गाईला धोका नव्हता, म्हणून मी त्याला थांबवले नाही. वीस मिनिटांत बाटली संपत आली तेव्हा गाईच्या मांड्या थरथरू लागल्या, तिने मोठा ढेकर दिला, नाकावर घामाचे मणी उमटले, आणि शेण टाकून ती उभी राहिली. काकू देव्हाऱ्याकडे वळल्या. मुलगा मात्र बाटलीकडेच पाहत होता.

ज्याला असा प्रश्न पडतो त्याला हे शास्त्र शिकता येते, ही माझी खात्री आहे. त्याच वेळी, ४९ टक्क्यांनी काही बिघडत नाही असे सांगून मी त्याला फसवणार नाही. औषधाची मात्रा जनावराच्या वजनावरून काढताना दशांश चिन्ह चुकले, तर ते जनावराच्या जिवावर बेतते, आणि एका चांगल्या म्हशीत एखाद्या घराची सगळी पुंजी अडकलेली असते. अभ्यास टाळून या कामात येता येत नाही. फार तर तो उशिरा सुरू करता येतो आणि मग उशिराची किंमत वर्षांत मोजावी लागते. माझी बारावीनंतरची दोन वर्षे त्यात गेली.

काल मी काकूंना फोन करून हे सगळे सांगितले. त्यांनी मध्येच फोन मुलाच्या हाती दिला. अकरावी विज्ञानाला जीवशास्त्र घेऊन प्रवेश घ्यायचा, इंग्रजी सोडायची नाही, भौतिकशास्त्राला घाबरून त्याच्यापासून पळायचे नाही, आणि दर रविवारी आठवड्यात न कळलेले तीन प्रश्न वहीत लिहून माझ्याकडे आणायचे, असे ठरले आहे. पहिला रविवार येत्या आठवड्यातला. सकाळी सहाला त्यांच्याच शेजारच्या गोठ्यात एक म्हैस गाभण आहे का ते पाहायचे आहे, तिथून आम्ही सुरुवात करू. त्याला मी गमबूट घालून यायला सांगितले आहे.